मॅक्स बॉर्नला देश हवा होता

बाहेर जायचं हे एकदा ठरतं. घोडं अडतं ते त्याच्या पुढं. कॅनडा की जर्मनी? आयर्लंड की ऑस्ट्रेलिया? मग एक्सेल शीट तयार होते. एका रकान्यात फी, दुसऱ्यात घरभाडं, तिसऱ्यात शिक्षण संपल्यावर किती महिने राहू देतात, चौथ्यात थंडी किती. कुणाचा मामेभाऊ टोरांटोत असतो, कुणाची सीनिअर म्युनिकमध्ये. प्रत्येक जण आपल्या देशाची भलावण तरी करतो किंवा त्याच्या नावानं बोटं तरी मोडतो. रात्री दीडला लॅपटॉप बंद होतो आणि शीट होती तिथंच राहते.

१९३३ च्या उन्हाळ्यात मॅक्स बॉर्न नावाच्या पन्नाशीतल्या माणसासमोर हाच प्रश्न होता. फिजिक्स घेतलेल्यांना हे नाव परकं नाही. केमिस्ट्रीवाल्यांनी तर ‘बॉर्न-ओपेनहायमर अ‍ॅप्रॉक्सिमेशन’ परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेलंही असेल. इलेक्ट्रॉन नेमका कुठं आहे हे सांगता येत नाही, तो अमुक ठिकाणी सापडण्याची शक्यता किती एवढंच सांगता येतं, हे १९२६ मध्ये मांडणारा तो हाच. आइनस्टाइनला ते पटलं नाही. देव फासे टाकत बसत नाही, हे त्याचं जगप्रसिद्ध मत त्यानं ज्याला पत्रातून कळवलं, तो मित्रही हाच.

तर अशा माणसाला देश शोधायची वेळ का आली?

बॉर्न जन्मला ११ डिसेंबर १८८२ रोजी, ब्रेस्लाऊ शहरात. तेव्हा ते जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्सवाफ आहे. (माणसंच देश बदलतात असं नाही, गावंही बदलतात.) वडील शरीरशास्त्राचे प्राध्यापक. आई तो चार वर्षांचा असतानाच गेली. घराणं ज्यू, पण घरात धर्माचं फारसं प्रस्थ नव्हतं. लग्नानंतर, १९१४ मध्ये, बॉर्ननं ख्रिस्ती धर्माची दीक्षाही घेतली होती. पहिल्या महायुद्धात तो जर्मनीच्या बाजूनं लष्करी कामात होता. बर्लिनला असताना संध्याकाळी आइनस्टाइन व्हायोलिन घेऊन यायचा, बॉर्न पियानोवर बसायचा. आपण जर्मन आहोत की नाही, असा प्रश्न त्या घरात कुणाला पडण्याचं कारणच नव्हतं.

१९२१ मध्ये तो गॉटिंगेनला सैद्धांतिक भौतिकीचा प्रमुख झाला आणि पुढची बारा वर्षं ते छोटं गाव फिजिक्सची पंढरी होऊन बसलं. पाउली आणि हायझेनबर्ग त्याचे सहायक. ओपेनहायमरनं डॉक्टरेट केली ती त्याच्याच हाताखाली. मारिया गोपर्ट, जिला पुढं नोबेल मिळालं, तीही त्याचीच विद्यार्थिनी. १९२५ मध्ये हायझेनबर्ग आणि योर्डान या दोन पोरसवदा सहकाऱ्यांबरोबर त्यानं क्वांटम मेकॅनिक्सचं गणित उभं केलं. घर होतं, बागबगिचा होता, बायको हेडी, दोन मुली आणि एक मुलगा होता. आपल्या भाषेत सांगायचं तर माणूस पुरता सेटल झालेला होता.

मग ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला. ७ एप्रिलला सरकारी नोकरांविषयीचा कायदा आला. आजी-आजोबांपैकी एक जण जरी ज्यू असेल तरी सरकारी नोकरीतून बाहेर, असा त्याचा अर्थ, आणि जर्मनीतले प्राध्यापक सरकारी नोकर. १९१४ ची दीक्षा कुणी विचारात घेतली नाही. २५ एप्रिलला गॉटिंगेनमधून दूर केलेल्या प्राध्यापकांची यादी पेपरात छापून आली. त्यात बॉर्नचं नाव होतं. गणितातले रिचर्ड कूरांट आणि एमी नोएदर यांचीही होती.

मे महिन्यात बॉर्न कुटुंब गाडीत बसलं आणि इटलीच्या डोंगरांतल्या सेल्वा गावात जाऊन राहिलं. तिथं उन्हाळ्यासाठी एक घर भाड्यानं घेतलेलं होतं, म्हणून सेल्वा. पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. गंमत म्हणजे एक-दोन विद्यार्थी त्याला शोधत तिथंही येऊन पोचले आणि झाडाखाली बाकावर बसून शिकवणी सुरू झाली. विद्यापीठ गेलं तरी वर्ग भरत होता.

इथं जरा थांबून त्याच्या आसपासच्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे, कारण तेव्हा या सगळ्यांनाच एकमेकांचे पत्ते विचारत फिरावं लागत होतं. आइनस्टाइननं अमेरिकेत प्रिन्स्टन गाठलं. बॉर्नचा जिवलग मित्र जेम्स फ्रांक हा पहिल्या महायुद्धातला सैनिक, त्यामुळं त्याला कायद्यातून सूट होती. तरी त्यानं निषेध म्हणून स्वतःच राजीनामा दिला, आधी कोपनहेगनला गेला आणि मग अमेरिकेला. कूरांट केंब्रिजमार्गे न्यूयॉर्कला गेला. एमी नोएदरला अमेरिकेतल्या ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात जागा मिळाली. तिचा भाऊ फ्रिट्झ नोएदर, तोही गणितज्ञ आणि बॉर्नच्या ब्रेस्लाऊ गावातच प्राध्यापक. त्यानं वेगळी वाट धरली. सोव्हिएत रशियात सायबेरियातल्या तोम्स्क शहरात त्याला प्राध्यापकी मिळाली आणि तो तिकडं गेला. पगार, हुद्दा, काम, सगळं ठाकठीक. तेव्हाच्या एक्सेल शीटवर तोम्स्कचा रकाना काही वाईट दिसला नसता. फ्रिट्झची गोष्ट पुढं पुरी करतो.

बॉर्नकडं केंब्रिजचं आमंत्रण आलं. लेक्चररची जागा, मुदत तीन वर्षं. गॉटिंगेनमध्ये संस्था चालवणाऱ्या माणसासाठी ही सरळसरळ खालची पायरी होती. पण तरुणपणी, १९०६-०७ मध्ये, तो केंब्रिजला काही महिने राहिलेला होता. गाव माहीत होतं, भाषा येत होती. आणि त्याहून मोठं म्हणजे या आमंत्रणात तारीख होती. ‘बघू’, ‘कळवतो’, ‘पुढच्या वर्षी नक्की’ यांतलं काही नव्हतं. धाकटा मुलगा गुस्ताव अकरा-बारा वर्षांचा, त्याला शाळा हवी होती. बॉर्न केंब्रिजला गेला.

तीन वर्षं म्हटली की सुरुवातीला पुष्कळ वाटतात. ज्यांनी व्हिसावरची तारीख बघत दिवस काढलेत त्यांना ठाऊक आहे, पहिलं वर्ष नवं गाव समजून घेण्यात जातं, दुसरं कामात, आणि तिसरं सगळं पुढच्या तारखेच्या चिंतेत. बॉर्ननं या काळात काम मात्र तुफान केलं. लिओपोल्ड इन्फेल्ड या पोलिश तरुणाबरोबर एक नवा सिद्धांत मांडला. अणुभौतिकीवरचं त्याचं पाठ्यपुस्तक १९३५ मध्ये इंग्रजीत आलं आणि पुढं कित्येक पिढ्यांनी ते वापरलं. त्याच वर्षी सामान्य वाचकांसाठी ‘द रेस्टलेस युनिव्हर्स’ हे पुस्तक आलं. त्याच्या पानांच्या कडेला छोटी चित्रं होती, पानं भराभर सोडली की रेणू हलताना दिसायचे. ती चित्रं काढली होती ओटो कोनिग्सबर्गर या त्याच्या भाच्यानं. भाचा आर्किटेक्ट होता आणि त्याचीही जर्मनीतली नोकरी गेली होती. हे नाव लक्षात ठेवा, त्याची गाठ पुन्हा पडणार आहे, आणि तीही आपल्या देशात.

त्या वर्षांतल्या दोन गोष्टी बॉर्नच्या मनातून गेल्या नसणार. पहिली, नोव्हेंबर १९३३ मधली. क्वांटम मेकॅनिक्ससाठी नोबेल जाहीर झालं ते एकट्या हायझेनबर्गला. हायझेनबर्गनं बॉर्नला पत्र लिहून कबूल केलं की तिघांनी मिळून केलेल्या कामाचं बक्षीस एकट्यानं घेताना त्याचं मन त्याला खातंय. पत्र प्रामाणिक होतं, पण त्यानं बॉर्नची लेक्चररकी काही प्रोफेसरकी झाली नाही.

दुसरी १९३४ मधली. हायझेनबर्ग केंब्रिजला आला तो एक निरोप घेऊन. बॉर्नला जर्मनीत परतायची परवानगी मिळू शकते. शिकवता येणार नाही, पण संशोधन करता येईल. आता कल्पना करा. स्वतःचा गाव, स्वतःची भाषा, जुने सहकारी, आणि इकडं संपत आलेलं कंत्राट. बॉर्ननं एकच विचारलं, या परवानगीत हेडी आणि मुलं धरलीत का? ती धरलेली नव्हती. बॉर्न भडकला आणि बोलणं तिथंच तोडून टाकलं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला देशाबाबतचा सगळ्यात सोपा निर्णय तोच असावा.

मग बंगळूरहून पत्र आलं.

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. जमशेटजी टाटांच्या देणगीतून आणि म्हैसूरच्या राजघराण्यानं दिलेल्या जमिनीवर उभी राहिलेली ही संस्था, लोकांच्या तोंडी आजही टाटा इन्स्टिट्यूट. १९३३ मध्ये सी. व्ही. रामन तिचे पहिले भारतीय संचालक झाले. नोबेल गाठीशी होतं, आणि नजर तर फारच लांबवर होती. जर्मनी आपले सर्वोत्तम वैज्ञानिक हाकलून देतोय, मग ते आपण का घेऊ नयेत, असा त्यांचा सरळ हिशेब होता. (जगातली मोठमोठी विद्यापीठं तेव्हा नेमकं हेच करत होती. बंगळूरला बसून तसा विचार करणं ही मात्र रामन यांचीच हिंमत.) त्यांनी बॉर्नला सहा महिन्यांसाठी बोलावलं. १९३५ च्या शरदात बॉर्न आणि हेडी बंगळूरला आले.

त्यांना ते आवडलं. हवा मानवली, माणसं मानवली. बॉर्न स्फटिकांच्या सिद्धांतावर व्याख्यानं द्यायचा. समोर बसलेली पोरं हुशार होती. रामन यांच्याबरोबर ध्वनिलहरी आणि प्रकाशावर काम करणारे नागेंद्रनाथ हे तर पहिल्या प्रतीचे संशोधक. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्याशी ओळख झाली. रामन यांनी बॉर्नला कायमचं प्राध्यापकपद द्यायचं मनावर घेतलं. इकडं केंब्रिजची मुदत १९३६ मध्ये संपत होती. म्हणजे योग जुळून आला होता. क्वांटम मेकॅनिक्सचा एक जनक बंगळूरचा कायमचा रहिवासी होणार, यात फक्त एका बैठकीचं अंतर होतं.

त्या बैठकीत रामन यांनी प्रस्ताव मांडला. बॉर्न स्वतः हजर होता. आणि संस्थेत नुकताच रुजू झालेला एक इंग्लिश प्राध्यापक उठला. बॉर्ननं आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवलाय. ज्याला त्याच्याच देशानं हाकलून दिलंय, असा दुय्यम दर्जाचा परदेशी माणूस या संस्थेला चालणार नाही, अशा अर्थाचं तो सगळ्यांदेखत बोलला. बोलणाऱ्याच्या कुटुंबाशी बॉर्न पतिपत्नींचे संबंध तोवर चांगले होते, त्यामुळं घाव जास्तच खोल गेला. बॉर्न घरी आला आणि हेडीसमोर रडला.

हा प्रसंग वाचताना दर वेळी एक गोष्ट खटकते. हिंदुस्थानातल्या संस्थेत, हिंदुस्थानी संचालकासमोर, एक परदेशी माणूस दुसऱ्याला परदेशी म्हणून नको म्हणत होता! पण राज्य कुणाचं होतं ते पाहिलं की त्यात नवल उरत नाही. शिवाय खरी लढाई बॉर्नवरून नव्हतीच. ती रामन यांच्याविरुद्ध होती. त्यांचा धडाका, फिजिक्सला झुकतं माप, पैशांचं वाटप, यावरून संस्थेत दोन तट पडले होते. चौकशी समिती बसली आणि १९३७ मध्ये रामन यांना संचालकपद सोडावं लागलं. ते फिजिक्सचे प्राध्यापक म्हणून तिथंच राहिले. बॉर्नला नोकरी मिळाली नाही ती त्याच्या लायकीमुळं नव्हे. ज्या ऑफिसात आपण जाऊ बघतोय तिथल्या भांडणात आपण कुणाचा माणूस ठरतो, हे बाहेरून कधीच कळत नाही. ते कुठल्याच रकान्यात येत नाही.

(पुढं चाळिशीच्या दशकात रामन आणि बॉर्न यांचं स्फटिकांच्या सिद्धांतावरून असं वाजलं की विचारू नका. एका संस्थेत शेजारी शेजारी बसले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न उरतोच.)

१९३६ च्या वसंतात बॉर्न केंब्रिजला परतला. कंत्राट संपायला आलेलं आणि हातात काही नाही. तेव्हा पत्र आलं मॉस्कोहून, प्योत्र कपिट्झा यांचं. कपिट्झा वर्षानुवर्षं केंब्रिजमध्ये काम करत होते. १९३४ मध्ये ते रशियात घरच्यांना भेटायला गेले आणि सरकारनं त्यांना परत येऊच दिलं नाही. उलट मॉस्कोत एक नवीकोरी प्रयोगशाळा बांधून दिली आणि म्हटलं, आता इथंच काम करा. तिथून ते बॉर्नला बोलावत होते.

आपल्याला आज वाटेल, ज्या माणसाला देशाबाहेर पडायची परवानगी नाही त्याचं आमंत्रण कोण घेईल? पण बॉर्न तिपन्न वर्षांचा होता, तीन मुलांचा बाप होता आणि काही महिन्यांत बेकार होणार होता. त्यानं रशियन शिकायला घेतलं. शिकवणी कुणाकडं, तर रुडॉल्फ पायर्ल्स या सहकाऱ्याची रशियन पत्नी जेनिया हिच्याकडं.

रशियन फार पुढं गेली नाही. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठातले चार्ल्स गॉल्टन डार्विन (उत्क्रांतीवाल्या डार्विनचे नातू) आपली टेट प्रोफेसरची जागा सोडून केंब्रिजला निघाले होते. तुम्ही याल का, असं त्यांनी बॉर्नला विचारलं. बॉर्न लगेच हो म्हणाला.

ही जागा रिकामी का राहिली होती, यातही एक गोष्ट आहे. ती आधी एर्विन श्रोडिंजरला देऊ केली होती. श्रोडिंजर ज्यू नव्हता, तरी नाझींच्या तिटकाऱ्यानं त्यानं १९३३ मध्ये बर्लिन सोडलं होतं. त्याच्यासमोर एका बाजूला पावसाळी एडिंबरा होतं आणि दुसऱ्या बाजूला ग्राझ, त्याच्या मायदेशात, ऑस्ट्रियात. त्यानं ग्राझ निवडलं. मायदेश, आपली भाषा, ओळखीचे डोंगर, कुणीही तेच निवडलं असतं. दोन वर्षांनी, मार्च १९३८ मध्ये, हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. श्रोडिंजरची नोकरी गेली आणि त्याला थोड्याशा सामानानिशी पळावं लागलं. पुढं आयर्लंडनं त्याला आसरा दिला आणि डब्लिनमध्ये तो सतरा वर्षं राहिला.

आणि आता तोम्स्क. १९३७ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी फ्रिट्झ नोएदरला जर्मनीचा हेर म्हणून पकडलं. ज्यू म्हणून जर्मनीनं हाकललेल्या माणसाला रशियानं जर्मन म्हणून तुरुंगात टाकलं. सप्टेंबर १९४१ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. बहीण एमी अमेरिकेत पोचून दीड वर्षातच, १९३५ मध्ये, एका शस्त्रक्रियेनंतर गेली, त्यामुळं भावाचं काय झालं ते तिला कळलंच नाही. गॉटिंगेनमध्ये शिकलेला फ्रिट्झ हाउटरमान्स हाही रशियात खारकोव्हला गेला होता. त्यालाही १९३७ मध्येच पकडलं आणि १९४० मध्ये थेट गेस्टापोच्या ताब्यात दिलं. डार्विनचं विचारणं सहा महिने उशिरा आलं असतं, तर बॉर्न मॉस्कोला गेला असता का? गेला असता तर काय झालं असतं? कपिट्झा यांचं वजन होतं, बऱ्याच जणांना त्यांनी वाचवलंही. पण त्या शिकवणीची गोष्ट वाचताना पोटात गोळा येतो, हे खरं.

एडिंबरा काही स्वप्नातलं ठिकाण नव्हतं. गॉटिंगेनसारखा पसारा नाही, जगभरातून पोरांचा लोंढा नाही, हवा ओलसर. पण ऑक्टोबर १९३६ मध्ये बॉर्न तिथं रुजू झाला आणि सतरा वर्षं राहिला. याआधीच्या तिन्ही ठिकाणी त्याला किती दिवस, हा प्रश्न होता. इथं तो नव्हता. त्यानं पुन्हा विद्यार्थी जमवले. काही चीनहून आले. एक जर्मनीतूनच पळून आलेला होता, त्याचं नाव क्लाउस फुक्स.

नोकरी कायम झाली म्हणजे माणूस त्या देशाचा झाला असं नसतं, हे बाहेर राहणाऱ्या कुणालाही विचारा. बॉर्ननं नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. त्याचं प्रमाणपत्र त्याला मिळालं ३१ ऑगस्ट १९३९ ला. दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसलं. ३ तारखेला ब्रिटन युद्धात उतरलं आणि जे जर्मन कागदोपत्री जर्मनच राहिले होते ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. हिटलरपासून पळून आलेले असले तरी. १९४० मध्ये अशा हजारो लोकांना छावण्यांत डांबलं. फुक्सला तर जहाजात घालून कॅनडातल्या छावणीत पाठवलं. बॉर्नच्या खिशात तो कागद होता, म्हणून तो घरी राहिला, आणि जे अडकले होते त्यांच्यासाठी पत्रं लिहीत राहिला. एका दिवसाचा फरक! पासपोर्ट ऑफिसच्या रांगेत वैतागणाऱ्यांनी हे आठवून बघावं.

अणुबॉम्बच्या कामात बॉर्न पडला नाही. त्याचे विद्यार्थी मात्र पडले. ओपेनहायमर अमेरिकेच्या प्रकल्पाचा मुख्य, आणि फुक्स त्याच प्रकल्पातली गुपितं रशियाला पोचवणारा हेर. बॉर्नला हे आयुष्यभर टोचत राहिलं. पुढं, १९५५ मध्ये, अण्वस्त्रांविरुद्धच्या रसेल-आइनस्टाइन जाहीरनाम्यावर त्यानं सही केली.

आणि भाचा? ओटो कोनिग्सबर्गर मधल्या काळात इजिप्तला जाऊन आला होता. मामानं बंगळूरला कमावलेली ओळख कामाला आली. १९३९ मध्ये तो म्हैसूर संस्थानचा मुख्य आर्किटेक्ट झाला. ज्या संस्थेनं मामाला घेतलं नाही, तिच्या आवारातल्या काही इमारती या भाच्यानं बांधल्या. स्वातंत्र्यानंतर तो भारत सरकारचा गृहनिर्माण संचालक होता आणि भुवनेश्वर शहराचा आराखडा त्याचा. बॉर्नच्या घरातलं कुणीतरी भारतात राहिलं ते असं.

१९५३ मध्ये सत्तर वर्षांचा बॉर्न एडिंबरातून निवृत्त झाला आणि देशाचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. पेन्शन मोजतात ती नोकरीच्या वर्षांवर, आणि एडिंबरातली त्याची वर्षं होती सतराच. दोघा म्हाताऱ्यांचं त्यात भागणं कठीण. जर्मनीनं मात्र हाकललेल्या प्राध्यापकांचे हक्क परत द्यायला घेतले होते. त्याच वर्षी गॉटिंगेननं बॉर्न, फ्रांक आणि कूरांट यांना शहराचं मानद नागरिकत्वही दिलं. हेडी एडिंबरात असताना क्वेकर पंथात गेली होती आणि बाड पिरमोंट या जर्मन गावात क्वेकर मंडळींचा राबता होता. गॉटिंगेनपासून ते फार लांब नव्हतं. दोघांनी तिथं छोटं घर बांधलं आणि ती परत गेली.

मित्रांना हे झेपलं नाही. आइनस्टाइननं जर्मनीत पुन्हा पाऊल टाकलेलं नव्हतं आणि टाकणारही नव्हता. आपल्या माणसांची कत्तल करणाऱ्यांच्या देशात तू कसा राहायला जातोस, असं त्यानं बॉर्नला कडक शब्दांत सुनावलं. बॉर्ननं पेन्शनची अडचण सांगितली, आणि तिथल्या क्वेकरांची मुख्य वस्ती बाड पिरमोंटला आहे हेही सांगितलं. दोघांची मैत्री टिकली, पण एकमत झालं नाही. मला स्वतःला यात आइनस्टाइन बरोबर वाटतो आणि बॉर्न चूक वाटत नाही. एकाला प्रिन्स्टननं आयुष्यभरासाठी घेतलं होतं, दुसऱ्याला पन्नाशीनंतर सगळं नव्यानं सुरू करावं लागलं होतं. घरभाड्याचा रकाना दोघांचा सारखा नव्हता. शिवाय परतलेला बॉर्न गप्प बसला नाही. १९५७ मध्ये जर्मनीनं अण्वस्त्रं घेऊ नयेत म्हणून अठरा वैज्ञानिकांनी जाहीर विरोध केला, त्यात तो होता.

परतला त्याच वर्षी, डिसेंबर १९५४ मध्ये, त्याला नोबेल मिळालं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या शक्यतेच्या कल्पनेसाठी.

५ जानेवारी १९७० ला तो गॉटिंगेनमध्ये गेला. तिथल्या स्मशानभूमीत त्याच्या थडग्यावर १९२५ सालचं त्याचं ते समीकरण कोरलेलं आहे.

मुलं मात्र परत गेली नाहीत. गुस्ताव इंग्लंडमध्ये नावाजलेला औषधशास्त्रज्ञ झाला. थोरली मुलगी आयरीन हिनं ब्रिन न्यूटन-जॉन या वेल्श माणसाशी लग्न केलं. १९५४ मध्ये, म्हणजे आजी-आजोबा जर्मनीला परतले त्याच सुमारास, आयरीनच्या नवऱ्याला मेलबर्नच्या एका कॉलेजात नोकरी लागली आणि बिऱ्हाड ऑस्ट्रेलियाला निघालं. बरोबर पाच-सहा वर्षांची धाकटी लेक होती. पुढं तिच्या गाण्यांनी जग वेडं केलं आणि १९७८ च्या ‘ग्रीस’ सिनेमानं ती घराघरांत पोचली. तिचं नाव ऑलिव्हिया न्यूटन-जॉन.